उधारीचा हिशोब : प्राध्यापक हिल आणि लॅक्टिक आम्लाचं प्रकरण

गवतातली एक गोल पट्टी. एक फेरी साधारण ८५ मीटरची. तिच्यावर पस्तिशीतला एक प्राध्यापक पळतो आहे. नाकाला चिमटा, तोंडात झडपेची नळी आणि पाठीवर रबराचं अस्तर लावलेली मोठी पिशवी. पहिली काही मिनिटं तो ठरलेल्या वेगाने नुसता पळतो, उच्छ्वास बाहेरच्या हवेत जातो. मग तोटी फिरते आणि पुढचा सगळा उच्छ्वास पिशवीत भरू लागतो. ठरलेला वेळ झाला की तोटी बंद. पिशवीतल्या हवेचं आकारमान मोजायचं, तिच्यात ऑक्सिजन किती उरला ते तपासायचं, वजाबाकी करायची. पुढच्या खेपेला वेग वाढवून पुन्हा तेच.

हे मँचेस्टर आहे, १९२० च्या दशकाची सुरुवात. पळणारा माणूस म्हणजे तिथल्या विद्यापीठातले शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक आर्चिबाल्ड व्हिव्हियन हिल. त्यांनी आणि हार्टली लप्टन यांनी १९२३ मध्ये या धावण्यावर जो निबंध छापला, त्यातला एक निष्कर्ष आज कुठल्याही क्रीडा-प्रयोगशाळेत जसाच्या तसा वापरात आहे. वेग वाढत जातो तसा शरीर जास्त ऑक्सिजन घेतं, पण एका मर्यादेपर्यंतच. हिल यांची मर्यादा मिनिटाला २४३ मीटरच्या आसपासच्या वेगाला आली, म्हणजे त्या छोट्या पट्टीवर मिनिटाला जवळजवळ तीन फेऱ्या. तिथे ते मिनिटाला सुमारे ४ लिटर ऑक्सिजन घेत होते. त्याहून जोरात पळाले तरी आकडा हलेना. धावपटू ज्याला आज 'व्हीओटू मॅक्स' म्हणतात, ती ही मर्यादा.

याच निबंधात दुसरीही एक गोष्ट होती. या मर्यादेपलीकडे माणूस पळतो तो कशाच्या जोरावर, याचं स्पष्टीकरण. ते स्पष्टीकरण दहा वर्षंही टिकलं नाही. एकाच माणसाच्या एकाच कामातला एक भाग शंभर वर्षं उभा राहतो आणि दुसरा इतक्या लवकर कोसळतो, तो का कोसळतो आणि कोसळताना तो माणूस काय करतो, हे बघायला म्हणून मी हे प्रकरण घेतलं आहे.

गणितातून बेडकाच्या स्नायूकडे

हिल यांचा जन्म १८८६ चा, ब्रिस्टलचा. वडील घर सोडून गेले तेव्हा ते लहान होते, आईने वाढवलं. शिष्यवृत्तीवर केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात आले आणि १९०७ मध्ये तिथल्या गणिताच्या परीक्षेत तिसरे आले. गणितातच राहिले असते, पण त्यांचे शिक्षक वॉल्टर मॉर्ली फ्लेचर यांनी त्यांना शरीरक्रियाशास्त्राकडे ओढलं. फ्लेचर आणि हॉपकिन्स या जोडीने त्याच साली बेडकाच्या स्नायूवर एक मोलाचं काम केलं होतं. ऑक्सिजन न मिळता स्नायू आकुंचन पावत राहिला की त्यात लॅक्टिक आम्ल साठतं. तोच स्नायू नंतर ऑक्सिजनमध्ये ठेवला की ते नाहीसं होतं. पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ इथे आहे.

१९०९ मध्ये विभागप्रमुख जॉन लँग्ली यांनी हिल यांना पत्र लिहून सुचवलं की, स्नायूच्या आकुंचनाचा अभ्यास कर. गणिताच्या विद्यार्थ्याला साजेसाच तो प्रश्न निघाला, कारण हिल यांनी रसायनाच्या वाटेने न जाता उष्णतेची वाट धरली. स्नायू काम करताना किंचित तापतो. वाढ अंशाच्या हजाराव्या भागांत मोजावी लागते, पण चांगला गॅल्व्हनोमीटर (अगदी सूक्ष्म विद्युतप्रवाह मोजणारं उपकरण) हाताशी असला तर ती पकडता येते. हिल यांना दिसलं की उष्णता दोन हप्त्यांत निघते. पहिला हप्ता आकुंचनाच्या वेळचा. त्याला ऑक्सिजन असला काय, नसला काय, फरक पडत नाही. दुसरा हप्ता नंतरचा, कित्येक मिनिटं चालणारा, आणि तो फक्त ऑक्सिजन असेल तरच मिळतो. म्हणजे ऑक्सिजन कामाच्या क्षणी लागत नाही, काम झाल्यावर लागतो.

हिल यांनी याहून पुढचा एक हिशोब मांडला. साठलेलं सगळं लॅक्टिक आम्ल जर नंतर जळत असतं, तर दुसऱ्या हप्त्याची उष्णता मोजली त्यापेक्षा कितीतरी जास्त भरली असती. ती भरत नाही, तेव्हा आम्लाचा मोठा भाग न जळता परत साठ्यात जात असला पाहिजे. जर्मनीत ऑटो मायरहोफ यांनी रासायनिक मापनाने हेच दाखवलं: थोडा भाग जळतो आणि त्या ऊर्जेवर बाकीचं पुन्हा ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूतला साखरेचा साठा, बनतं. १९२२ चं नोबेल पारितोषिक (प्रत्यक्षात दिलं गेलं ते १९२३ मध्ये) या दोघांत वाटलं गेलं. महायुद्ध संपून चार-पाच वर्षं होत होती, आणि एक इंग्रज व एक जर्मन एकाच कोड्याची दोन टोकं जोडून व्यासपीठावर उभे राहिले. हिल यांना या गोष्टीचं अप्रूप होतं असं त्यांच्या पुढच्या आयुष्यावरून वाटतं.

बेडकावरून माणसावर

हिल स्वतः विद्यार्थिदशेपासून धावणारे. शंभर मीटर जीव तोडून पळालेला माणूस पळताना जेमतेम श्वास घेतो आणि थांबल्यावर मात्र मिनिटंच्या मिनिटं धापा टाकतो, हे त्यांना स्वतःच्या छातीतून ठाऊक होतं. बेडकाच्या स्नायूत त्यांनी जे दोन हप्ते मोजले होते, तेच इथे पूर्ण माणसात दिसत होते. काम आधी, ऑक्सिजन नंतर.

त्यांनी या नंतरच्या ऑक्सिजनला नाव दिलं, ऑक्सिजनचं कर्ज. भाषा सरळसरळ जमाखर्चाची होती: श्वासातून येणारी मिळकत, धावण्यातला खर्च, खर्च मिळकतीवर गेला की उधारी, आणि विश्रांतीत परतफेड. (अर्थशास्त्रज्ञ केन्स हे त्यांचे मेहुणे, हिल यांच्या पत्नी मार्गारेट या त्यांच्या भगिनी.) धावणं थांबल्यावर माणूस पूर्ण शांत होईपर्यंत नेहमीपेक्षा किती जास्त ऑक्सिजन घेतो हे मोजलं की कर्जाची रक्कम कळते. चांगल्या धावपटूंत ती १० लिटरच्या वर जाते असं त्यांना दिसलं.

इथवर सगळं मोजमाप. पुढची उडी अशी: कर्ज म्हणजे स्नायूत साठलेलं लॅक्टिक आम्ल. इतके लिटर ऑक्सिजन म्हणजे इतके ग्रॅम आम्ल, असं रूपांतर करता येतं. आणि आम्ल हा नुसता कचराही नाही. त्या काळच्या समजुतीप्रमाणे तेच आकुंचनाचं कारण. ग्लायकोजेनपासून आम्ल सुटतं, ते स्नायूतल्या प्रथिनांवर काम करतं आणि तंतू आखडतो. आम्ल हटलं की तंतू सैल. आकुंचन, थकवा, धाप आणि शर्यतीचा वेग असं सगळं एकाच पदार्थाच्या खुंटीला टांगलं गेलं.

मला हे चित्र आजही सुंदर वाटतं, आणि ते इतक्या जणांना का पटलं तेही समजतं. प्रत्येक दुवा कुणीतरी खरोखर मोजलेला होता. फक्त एक दुवा कुणी पाहिलेला नव्हता. एका आकुंचनाच्या त्या क्षणी, तंतू आखडण्याच्या आधी, आम्ल सुटताना कुणी पकडलं नव्हतं. दमलेल्या स्नायूत आम्ल सापडतं एवढंच ठाऊक होतं.

एक छोटी गोष्ट इथे नोंदवून ठेवतो. हिल यांना स्वतःच्या मोजमापात दिसलं होतं की परतफेड एका चालीने होत नाही. पहिली काही मिनिटं ती झपाट्याने होते, मग संथपणे तासभरही रेंगाळते. त्यांनी याचा अर्थ लावला तोही आम्लाच्याच भाषेत: स्नायूत राहिलेलं आम्ल लवकर निपटतं, रक्तात पाझरलेलं उशिरा. हा मुद्दा पुढे येणार आहे.

१९२३ मध्ये ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्टार्लिंग यांच्या जागी आले आणि १९२६ पासून रॉयल सोसायटीचे संशोधन-प्राध्यापक झाले. ते पद १९५१ पर्यंत त्यांच्याकडे होतं. खेळाडूंवरचं काम याच वर्षांत बहरलं. १९२५ मध्ये साउदॅम्प्टनला ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात त्यांनी क्रीडाविक्रमांचा शरीरक्रियाशास्त्रीय पाया या विषयावर भाषण केलं. विक्रमांच्या वेळा घेऊन सरासरी वेग आणि कालावधी यांचा आलेख काढला. अंतर वाढतं तशी ती रेघ आधी झपकन आणि मग हळूहळू उतरते, आणि त्या उताराचा अर्थ त्यांनी कर्ज आणि मिळकत यांतून लावला. जागतिक विक्रम हे कुणीही आधीच करून ठेवलेले उत्तम प्रयोग आहेत, ते वापरावेत, ही कल्पना मला त्यांच्या सगळ्या कामातली सर्वांत मोकळी कल्पना वाटते. पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी धावपट्टीच्या कडेला तारेची वेटोळी उभी केली आणि धावपटूच्या अंगावर चुंबकीय पोलादाची पट्टी बांधली. धावपटू प्रत्येक वेटोळ्यासमोरून गेला की गॅल्व्हनोमीटरचा काटा उडायचा. शंभर मीटरमध्ये वेग कुठपर्यंत चढतो आणि कुठे ढळतो, हे पहिल्यांदा एवढ्या बारकाईने कळलं.

एका व्याख्यानानंतर कुणा वयस्क श्रोत्याने विचारलं की, खेळाडूंवरच्या या प्रयोगांचा व्यवहारात उपयोग काय. हिल यांनी आधी काहीबाही उपयोग सांगून पाहिले आणि शेवटी कबूल केलं की, खरं सांगायचं तर हे उपयोगासाठी नाही करत, यात मजा येते म्हणून करतो.

तडा

पहिली चाहूल त्यांच्याच इमारतीतून आली. १९२७ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिप आणि ग्रेस एगल्टन या दांपत्याला स्नायूत फॉस्फेटचा एक नाजूक संयुग सापडला. स्नायूने काम केलं की तो घटतो, विश्रांतीत पुन्हा भरतो. त्याच वर्षी हार्वर्डमध्ये सायरस फिस्के आणि यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी तो क्रिएटिन आणि फॉस्फेट यांचा बनलेला आहे हे ओळखलं. (सुब्बाराव आंध्रचे, मराठी वाचकाला त्यांचं नाव या कथेत मध्येच भेटतं याचं मला दर वेळी बरं वाटतं.) पण हा पदार्थ नक्की काय करतो, ते कुणाला सांगता येत नव्हतं. आम्लाचा सिद्धांत तसाच उभा होता, शेजारी हा नवा पाहुणा.

मग १९३०. कोपनहेगनमध्ये आयनार लुंड्सगार्ड शोधत होते वेगळंच काही. आयोडोअ‍ॅसिटिक आम्ल नावाचं विष टोचलेल्या प्राण्यांचे स्नायू काही वेळाने लाकडासारखे ताठ झाले. सिद्धांताप्रमाणे एवढ्या आखडलेल्या स्नायूत लॅक्टिक आम्लाचा पूर यायला हवा होता. लुंड्सगार्ड यांनी मोजलं, तर आम्ल नव्हतंच.

हे विष ग्लायकोजेनपासून लॅक्टिक आम्ल बनण्याची वाट मधेच अडवतं. म्हणजे आता असा स्नायू हातात होता, ज्याला आम्ल बनवताच येत नाही. त्याला विजेचा धक्का दिला तर काय होईल? तो आकुंचन पावला. पुन्हा दिला, पुन्हा पावला. डझनावारी आकुंचनं झाली आणि मगच तो ताठरला. आणि प्रत्येक आकुंचनाबरोबर घटत होतं ते एगल्टनांचं, फिस्के-सुब्बारावांचं क्रिएटिन फॉस्फेट. साठा संपला, तेव्हा काम संपलं.

एका प्रयोगाने याहून जास्त काही सांगायला नको. ज्या पदार्थाला कारण म्हटलं होतं, तो काढून घेतला आणि घटना तरीही घडली.

दोन वर्षांनी

हिल तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते, नोबेल मिळून सात वर्षं झाली होती. भाषणं, पुस्तकं, शिष्य, सगळं त्या आम्लाच्या भोवती उभं राहिलं होतं. विष दिलेला स्नायू निरोगी स्नायूबद्दल काही सांगत नाही, असा बचाव शक्य होता आणि तो अगदीच पोकळही नव्हता.

१९३२ मध्ये हिल यांनी एक आढावा-लेख लिहिला. शीर्षकाचा अर्थ, स्नायूंच्या शरीरक्रियाशास्त्रातली क्रांती. आपण ज्याचे खांब होतो त्या सिद्धांताचं उलथणं त्यांनी क्रांती म्हणून जाहीर केलं आणि तिचं श्रेय लुंड्सगार्ड यांना दिलं.

हे त्यांना का जमलं, याचं माझं उत्तर त्यांच्या स्वभावात कमी आणि कामाच्या पद्धतीत जास्त आहे. त्यांची उष्णतेची मोजमापं आम्लावर अवलंबून नव्हती. दोन हप्ते तसेच राहिले. फक्त पहिल्या हप्त्याच्या मागे कोणता पदार्थ आहे ते बदललं. ऑक्सिजन घेण्याची मर्यादा तशीच राहिली. कर्जाचे लिटर तसेच राहिले. आकडे आणि अर्थ या दोन वेगळ्या वह्या असल्यामुळे एक फाडली तरी दुसरी हातात होती. मायरहोफ यांचंही मोठेपण इथे सांगायला हवं: आम्लाच्या रसायनाचे ते जनक, आणि त्यांच्याच प्रयोगशाळेत लोमन यांना १९२९ मध्ये एटीपी हा फॉस्फेटयुक्त, पेशींना ऊर्जा पुरवणारा रेणू सापडला, जो पुढे या सगळ्या साखळीचा खरा नायक ठरला.

आणि ती दोन चालींची परतफेड? १९३३ मध्ये हार्वर्डच्या थकवा-प्रयोगशाळेत मार्गारिया, एडवर्ड्स आणि डिल यांनी धावपटूंच्या रक्तातलं लॅक्टिक आम्ल मोजून दाखवलं की बेताच्या वेगाला कर्ज होतं, पण आम्ल वाढतच नाही. कर्जाचा झटपट फिटणारा भाग आम्लाविनाच होतो. दहा वर्षांपूर्वी हिल यांच्या आलेखात तो भाग स्वच्छ दिसत होता. त्यांनी तो पाहिला होता, त्याला नावही दिलं होतं. ते नाव चुकलं होतं. हाताशी एकच पदार्थ असला की सगळ्या खुणा त्याच्याच वाटतात.

हिल सगळीकडे इतके चपळ नव्हते, हेही लिहायला हवं. वॉलेस फेन हे तरुण अमेरिकन १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्याच प्रयोगशाळेत काम करत होते. स्नायू जेव्हा आखडून ओझं उचलतो तेव्हा तो जास्तीची ऊर्जा सोडतो, असं फेन यांनी मोजलं. हे हिल यांच्या दुसऱ्या आवडत्या कल्पनेच्या विरुद्ध जात होतं: स्नायू म्हणजे घट्ट द्रवात बुडालेली ताणलेली स्प्रिंग, आणि वेगाला मर्यादा पडते ती त्या द्रवाच्या चिकटपणाने. फेन यांचे आकडे छापून झाले तरी हिल चिकटपणाची कल्पना वापरत राहिले. धावपटूंच्या वेगाचं गणितही त्यांनी तिच्यावरच बेतलं. ती त्यांनी सोडली १९३८ मध्ये, स्वतःच्या नव्या, अधिक चपळ उपकरणांनी आखडण्याची उष्णता मोजल्यावर. त्याच निबंधातून आलेलं बल आणि वेग यांचं समीकरण आज सायकलस्वाराच्या पायडलपासून कृत्रिम पायापर्यंत सगळीकडे वापरलं जातं. पण मधली पंधराएक वर्षं उत्तर शेजारच्या टेबलावर होतं. लुंड्सगार्ड यांचा प्रयोग आडवा आला म्हणून मानावा लागला. फेन यांचा आकडा बाजूने जाऊ देता येण्यासारखा होता.

मधल्या काळातल्या बाकीच्या कामांवरून मी भरभर जातो, ती लहान होती म्हणून नव्हे. १९३३ मध्ये जर्मनीतून हाकलल्या गेलेल्या अभ्यासकांसाठी उभ्या राहिलेल्या मदत-मंडळात ते पुढे होते; १९३५ मध्ये बर्नार्ड कॅट्झ त्यांच्याकडेच आश्रयाला आले आणि १९७० मध्ये कॅट्झ यांनाही नोबेल मिळालं. १९४० ते १९४५ हिल संसदेत केंब्रिज विद्यापीठाचे प्रतिनिधी होते. १९४३-४४ च्या हिवाळ्यात भारतात येऊन त्यांनी इथल्या संशोधनाच्या घडीवर सरकारला अहवाल दिला.

लॅक्टिक आम्ल मात्र मैदानावरून गेलं नाही. पाय जड झाले की आजही म्हटलं जातं, लॅक्टिक अ‍ॅसिड भरलं. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या तरी दोष त्याचाच, खरं तर जोरदार व्यायामानंतर साधारण तासाभरात रक्तातलं लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचंच शरीरातलं रूप) पूर्वपदावर आलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूतंतूंना झालेल्या बारीक इजेशी जोडलेलं आहे. हृदय आणि इतर स्नायू लॅक्टेट इंधन म्हणून आनंदाने वापरतात. 'ऑक्सिजनचं कर्ज' हा शब्दही १९८४ मध्ये गेसर आणि ब्रुक्स यांनी बाजूला ठेवायला सांगितला, कारण व्यायामानंतर जास्तीचा ऑक्सिजन लागण्यामागे शरीराचं वाढलेलं तापमान, संप्रेरकं अशी कितीतरी कारणं आहेत आणि त्यांतलं काही फेडायचं कर्ज नसतं. तिकडे, हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२४ मध्ये जाता जाता मांडलेली एक कल्पना, की ऑक्सिजन कमी पडू लागला तर हृदयाला इजा होण्याआधी त्याचा वेग आवरणारा काही नियंत्रक शरीरात असावा, ती दक्षिण आफ्रिकेच्या टिम नोक्स यांनी १९९० च्या दशकात मेंदूकडे नेऊन पुन्हा उभी केली. तिच्यावरचा वाद अजून चालू आहे.

आव्हान

१९५० मध्ये मायरहोफ यांच्या पासष्टीच्या निमित्ताने निघालेल्या गौरव-अंकात हिल यांनी एक छोटा लेख दिला. तोवर एटीपी सर्वमान्य झाला होता. आकुंचनाची ऊर्जा एटीपीच्या विघटनातून येते, पाठ्यपुस्तकं तसं सांगत होती. हिल यांनी जीवरसायनशास्त्रज्ञांना आव्हान दिलं: जिवंत स्नायूत, एका साध्या आकुंचनात, एटीपी तुटताना दाखवा. तोवर कुणी तो तसा पाहिला नव्हता. १९२३ मध्ये लॅक्टिक आम्लाबद्दल हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, त्यांनी स्वतःही नाही.

उत्तर यायला बारा वर्षं लागली. अडचण अशी की एटीपी तुटला तरी क्रिएटिन फॉस्फेट तो क्षणात भरून काढतं, त्यामुळे घट दिसतच नाही. १९६२ मध्ये केन आणि डेव्हिस यांनी बेडकाच्या स्नायूला असं विष दिलं, जे नेमकी ही भरपाईची वाट अडवतं. लुंड्सगार्ड यांचीच युक्ती, पुढच्या दारावर. मग त्यांनी स्नायूला एकदाच आकुंचन पावू दिलं, तो तत्काळ गोठवला आणि मोजलं. एटीपी कमी झाला होता.

हिल तेव्हा पंचाहत्तर वर्षांचे होते आणि अजूनही बेडकाच्या स्नायूची उष्णता मोजत होते.